गाळातले किडे मोजून झाले, आता पुढे काय?

पत्र : ताई, मी देवगड तालुक्यातली, वय ३१. गोव्यातल्या एका सागरी परिसंस्था प्रयोगशाळेत सहा वर्षं पीएचडी केली. खाडीच्या तळाशी गाळात राहणारे पॉलिकीट किडे हा माझा विषय. थिसिस मागच्या महिन्यात सबमिट केला, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे, फेलोशिप संपली आहे. गाईड म्हणतात, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलं नाहीस तर संशोधनात राहता येणार नाही. तोवर लॅबमध्येच ११ महिन्यांचं प्रोजेक्ट घे. आई फोनवर रोज विचारते, "पर्मनंट कधी होतलंस?" वडलांची होडी आहे. ते विचारतात, एवढं शिकलंस त्याचा आपल्या खाडीला काय उपयोग? माझा एक सीनिअर शेवटी बँकेत लागला, ते ऐकल्यापासून धसका बसलाय. किडे मोजणाऱ्या मुलीला कोण नोकरी देणार? — देवगडची एक वाचक

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो सुटला की बाकीचे निर्णय घ्यायला बळ येईल.

किडे मोजणाऱ्या मुलीला नोकरी मिळते. फक्त त्या नोकरीच्या जाहिरातीत 'पॉलिकीट' हा शब्द बहुतेक वेळा नसतो, म्हणून तुझ्या नजरेतून ती सुटते. समुद्रात जेट्टी बांधायची असो, बंदरासाठी गाळ उपसायचा असो, शहराचं सांडपाणी नळाने खोल पाण्यात सोडायचं असो की वीजप्रकल्पाचं गरम पाणी, आधी तिथल्या तळाची आजची स्थिती नोंदवावी लागते. ग्रॅबने (तळाचा गाळ उचलणाऱ्या जबड्याने) गाळ काढायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, फॉर्मालिनमध्ये ठेवून रोझ बेंगॉलने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करायचा. हे तू सहा वर्षं केलंस. मासा धोका दिसला की पळतो. गाळातला किडा जागा सोडत नाही, त्यामुळे तिथे वर्षभर काय घडलं ते त्याच्यावरून वाचता येतं. सेंद्रिय घाण वाढली की कॅपिटेलासारख्या मोजक्याच प्रकारचे किडे माजतात आणि बाकीचे नाहीसे होतात. हे तुला नव्याने सांगायला नको. सांगायचं ते हे, की असे नमुने कुळापर्यंत ओळखणारी माणसंही कमी आहेत आणि प्रजातीपर्यंत नेणारी तर फारच थोडी. असे अनेक अहवाल मी वाचले आहेत ज्यांत तळाच्या जीवसृष्टीसाठी एक तक्ता असतो, त्यात 'पॉलिकीट' असा एक रकाना आणि एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ काय, तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो. तुला ठाऊक आहे.

आता हे काम चालतं कुठे ते बघ. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली येणाऱ्या प्रकल्पांचे अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्थाच करू शकतात. ही मान्यता भारतीय गुणवत्ता परिषदेचं नॅबेट हे मंडळ देतं. तिच्यासाठी संस्थेकडे प्रत्येक विषयाचा 'फंक्शनल एरिया एक्स्पर्ट' असावा लागतो, आणि त्यांतला एक विषय परिसंस्था आणि जैवविविधता हा आहे. किनाऱ्यावरच्या प्रकल्पांना त्याशिवाय २०१९ ची सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू होते. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा खर्च ७६,००० कोटींच्या वर आहे. त्यापेक्षा लहान जेट्ट्या, धक्के, रस्ते, पूल तर कोकणभर चालू आहेत. या कामाला माणसं लागतात, पगार वेळेवर मिळतो आणि वयाची अट नसते.

पण या वाटेवरची एक अडचण आधीच सांगते, कारण ती मोठी आहे. अहवालाचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. त्यामुळे "लक्षणीय परिणाम संभवत नाही" हे वाक्य लिहिण्याचा आग्रह कधी उघड, कधी आडून होतो. कधी एकाच ऋतूचे नमुने घेऊन वर्षभराचा निष्कर्ष काढायला सांगतात. आपल्या खाड्यांमध्ये पावसाळ्यात गोडं पाणी शिरून तळाची अख्खी वस्ती बदलते, हे ज्याने पाहिलंय त्याला असं वाक्य लिहिणं जड जातं. म्हणून मुलाखतीला गेलीस की तूही प्रश्न विचार. कच्ची माहिती कोणाकडे राहते? माझ्या प्रकरणातला मजकूर मला न विचारता बदलतात का? सही कोण करतं? या प्रश्नांवर समोरचा अस्वस्थ झाला तर ती जागा सोड. नीट उत्तर देणारी, कामाची चाड असलेली कार्यालयंही आहेत. तिथे तुझ्यासारखी माणसं असतील तर तिथले अहवालही सुधारतील, याची मला खात्री आहे.

याच विषयातली दुसरी जागा फारशी कुणी सांगत नाही : कोळंबीची हॅचरी, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करणारं केंद्र. २००९ मध्ये भारतात व्हेनामी कोळंबी आली आणि आंध्र, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हॅचऱ्या वाढल्या. तिथल्या जननक्षम माद्यांना जिवंत पॉलिकीट खायला घालतात, कारण त्यामुळे अंडी चांगली धरतात. पण किनाऱ्यावरून खणून आणलेल्या किड्यांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी या सूक्ष्म परजीवीसारखे रोग हॅचरीत शिरू शकतात. म्हणून रोगमुक्त किडे टाक्यांमध्ये वाढवण्याकडे या धंद्याचं लक्ष आहे. चेन्नईची सिबा ही कृषी संशोधन परिषदेची संस्था त्यावर काम करते. तू ज्या प्राण्याची कुळं पाठ केलीस त्याला वाढवायला शिकणं तुला अवघड नाही. घरापासून लांब जावं लागेल, तेलुगू कानावर पडेल, आणि हॅचरीत रात्री-अपरात्री उठावं लागतं. तरीही नुसत्या 'रिसर्च की नोकरी' या वादात हे दार तुझ्या नजरेआड राहू नये.

आता सरकारी संशोधन संस्था, म्हणजे आईच्या भाषेतलं 'पर्मनंट'. इथे वयाचं गणित निर्दय आहे. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या सायंटिस्ट पदाला सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. तू ३१ ची. दोनापावलाची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था याच छत्राखाली येते. तिथे किंवा तिच्या मुंबई, कोची, विशाखापट्टणम केंद्रांत तुझ्या विषयाची जागा निघाली तर व्हायवाची वाट न बघता जाहिरातीतली पात्रता वाच आणि बसत असेल तर अर्ज कर. कोचीची सीएमएफआरआय ही मत्स्यसंशोधन संस्था एआरएस या कृषी शास्त्रज्ञांच्या भरती परीक्षेतून माणसं घेते. तिथे पदव्युत्तर विषय जुळणं महत्त्वाचं, तेव्हा तुझी एमएस्सी त्या यादीत बसते का ते आधी बघ. भारतीय प्राणी सर्वेक्षणही आहे, आणि वर्गीकरण येणाऱ्या माणसाची खरी कदर तिथे होऊ शकते. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या चेन्नई आणि कोचीच्या संस्था, समुद्राची माहिती पुरवणारी हैदराबादची इन्कॉइस, वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था याही नजरेत ठेव. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेत मध्य हिंदी महासागराच्या तळाचं काम आहे. तिथल्या खनिज गोट्यांच्या प्रदेशात गाळात कोण राहतं हे कुणीतरी मोजावंच लागणार. या सगळ्या मिळून कायम जागा मात्र मोजक्या निघतात. अर्ज जरूर कर, पण त्यांच्या भरवशावर आयुष्य थांबवून ठेवू नकोस.

प्राध्यापकीबद्दल थोडक्यात. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी असली तरी. तुझं नेट झालेलं नसेल तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट दे. जीवशास्त्र घे की पर्यावरणशास्त्र, हे आधी विचारपूर्वक ठरव, कारण महाविद्यालयात जागा 'प्राणिशास्त्र' नावाने निघते आणि विषय जुळत नाही म्हणून चांगली माणसं दारातून परत जातात. तासिका तत्त्वावरच्या जागेवर एखादं वर्ष शिकवून बघायला हरकत नाही. त्यावर घर चालवता येत नाही, हे तुला शिकवणारेच सांगतील.

गाईडचं परदेशी पोस्टडॉकचं म्हणणं मी खोडून काढत नाही. त्यांनी जी वाट चालली ती ते दाखवतात, आणि विद्यार्थिनीने संशोधनात राहावं असं वाटणारा गाईड मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण "आत्ता नाही तर कधीच नाही" हे खरं नाही. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतर ४ वर्षांपर्यंत मिळू शकते. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएचडीनंतरच्या संशोधनाची ८ वर्षं मोजते. दोन्हीकडे तुझं वय कुणी विचारत नाही. परतून येणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, तिची मर्यादा ४० वर्षं. तेव्हा घाई न करता एकच कसोटी लाव. थिसिस बाजूला ठेवून, जो प्रश्न तुला स्वतःला झोपू देत नाही त्यावर दोन पानं लिहून बघ. ती लिहिताना हात चालू लागला तर पोस्टडॉक कर, आणि अशी लॅब निवड जिथे तुझ्याकडे नसलेलं काही शिकशील : गाळातल्या डीएनएवरून जीव ओळखणं, समुद्रतळाचं चित्रण, किंवा पक्कं संख्याशास्त्र. दोन पानांत थिसिसचाच पुढचा भाग उतरत असेल, तर नुसतं मागे पडू नये म्हणून परदेशी जाऊ नकोस. तिथल्या हिवाळ्यात दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करत राहणं फार एकटं असतं.

मला खरी काळजी वाटते ती त्या ११ महिन्यांच्या प्रोजेक्टची. तुझ्या पत्रातलं तेच सगळ्यात साधं वाक्य आहे, आणि हुशार माणसं तिथेच अडकताना मी पाहते. ११ महिने संपतात, मुदतवाढ मिळते, मग दुसरं प्रोजेक्ट. माणसं ओळखीची, मेस ओळखीची, काम हाताखालचं. बघता बघता पस्तिशी येते, आणि मधल्या वर्षांतले पेपर दुसऱ्याच्या प्रकल्पाचे असल्यामुळे त्यावर आपलं नाव चौथं नाहीतर पाचवं. सीनिअर फेलोला ४२,००० मिळायचे, रिसर्च असोसिएटला ५८,०००पासून मिळतात. हा आकडा वाईट नाही, म्हणून तर पाय निघत नाही. तुला पैशांची गरज असेल आणि ती असणारच, तर प्रोजेक्ट घे. पण पहिल्या दिवशीच शेवटची तारीख कागदावर लिही. थिसिसमधले दोन पेपर त्या मुदतीत पाठवायची परवानगी गाईडकडून आधीच माग, आणि मुदतवाढ आली तर कोणत्या कारणासाठी स्वीकारायची तेही आताच ठरव. हे बोलायला संकोच वाटेल. तरी बोल. गाईडलाही त्यातून कळेल की तू कामाला कंटाळली नाहीस, पुढची आखणी करते आहेस.

विषय बदलला की सगळं वाया गेलं, अशी एक भीती तुझ्या पत्रात आहे. मला अदिती पंत आठवतात. नागपूरच्या. सागरी शैवालांवर लंडनला पीएचडी करून त्या गोव्याला एनआयओत आल्या, आणि १९८३ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक ठरल्या. पुढे त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेल्या आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर काम केलं. समुद्र सोडून त्या डोंगरापलीकडे आल्या असं वरवर दिसतं, पण मिठात जगणाऱ्या जीवांचा त्यांचा धागा तुटला नव्हता. तुझा धागा कोणता ते तू शोध. किडा आहे, गाळ आहे, की देवगडची खाडी? तिन्हींसाठी वाटा वेगळ्या आहेत. किडा हवा असेल तर सर्वेक्षण संस्था, संग्रहालय, हॅचरी. गाळ हवा असेल तर बंदर, सल्लागार संस्था, खोल समुद्र. आणि खाडी हवी असेल तर बाकीचं थोडं बाजूला ठेवून पुढचा परिच्छेद नीट वाच.

महाराष्ट्राच्या वन विभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला आणि २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान. या दोहोंमुळे किनाऱ्यावर सागरी जीवशास्त्र शिकलेल्यांसाठी पूर्वी नव्हत्या अशा जागा झाल्या, बहुतेक कंत्राटी. २०२२ मध्ये वेळासपासून सुरुवात करून कोकण किनाऱ्यावरच्या पाच ऑलिव्ह रिडले समुद्री कासवांच्या माद्यांना उपग्रह टॅग लावले, ते काम कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेने मिळून केलं. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी तिचा प्रवास घरच्या माणसासारखा पाहिला. वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत कांदळवन सफर चालवतात. सिंधुदुर्गात खेकडा आणि कालवं वाढवण्याचे गट आहेत. हे सगळं चालायला असं माणूस लागतं ज्याला नमुना कसा घ्यायचा तेही कळतं आणि ज्याच्याशी गावातली बाई मालवणीत भांडूही शकते. असं माणूस बाहेरून आणता येत नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८ पासून काम करणारी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन किंवा बेंगळुरूची दक्षिण फाउंडेशन अशा बिगरसरकारी संस्थांतही संशोधन आणि गाव हे दोन्ही हातात हात घालून चालतं. पगार बेताचा असतो, निधी येतो-जातो. आईला हे आवडणार नाही. पण वर्षा-दोन वर्षांत तू नेमकं काय केलंस हे दाखवता येईल असं काम तिथे होतं.

एमपीएससीचं कुणी सुचवलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव. मत्स्य विभागाच्या अनेक जागांना मत्स्यशास्त्राचीच पदवी मागतात. वनसेवेच्या परीक्षेला मात्र विज्ञान पदवीधर बसू शकतात. वर्षभर अभ्यास करून त्या परीक्षा द्यायच्या की नाही हा स्वभावाचा प्रश्न आहे, आणि मला तुझ्या पत्रात तशी ओढ दिसली नाही.

तुझ्या बँकेतल्या सीनिअरला मी अपयशी म्हणणार नाही. समुद्राच्या आकडेवारीशी वर्षानुवर्षं झगडलेला माणूस कर्जाची जोखीम मोजायला लायक असतो. त्याने घर सावरलं असेल, तर त्या निर्णयाचा मान राखायला हवा.

आता सीव्ही. तुझ्या थिसिसचं शीर्षक मी ओळखू शकते : अमुक खाडीतील तळजीवांची स्थल-कालानुसार विविधता. नोकरी देणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तू लिही, की किती स्टेशनांवर, कोणत्या ऋतूंत नमुने घेतले, किती कुळं आणि प्रजाती ओळखल्या, कोणत्या निर्देशांकांनी प्रदूषण मोजलं, 'आर' या संगणकीय भाषेत विश्लेषण केलं, होडी ठरवली, परवानग्या काढल्या, एमएस्सीच्या मुलांना चाळणी धरायला शिकवलं, भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे माणसं आणि सामान वेळेत हलवलं. हे शेवटचं तू लिहिणारच नाहीस, कारण लॅबमध्ये ते सगळेच करतात. बाहेर ते फार थोड्यांना येतं. पोहता येत असेल तर तारकर्लीला स्कुबाचा अभ्यासक्रमही करून घे. पाण्याखाली काम करणारा जीवशास्त्रज्ञ शोधणारे बरेच आहेत.

राहिला वडलांचा प्रश्न. तो मला तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला, आणि त्याचं उत्तर द्यायला तुला कुठल्याही नेमणुकीची गरज नाही. मुडदुशी आणि लेप हे मासे गाळातले हेच किडे खातात. तुझ्या स्टेशनांचा नकाशा घेऊन वडलांसमोर बस, किडे कुठे भरपूर मिळाले आणि कुठे संपलेत ते दाखव, आणि मुडदुशीला ते जाळं कुठे टाकतात, पूर्वी कुठे टाकत, ते त्यांना त्याच नकाशावर खुणावायला सांग. दोन्ही खुणा जुळल्या तर तुला एक पेपर मिळेल. जुळल्या नाहीत तर कदाचित त्याहून चांगला.

आणखी एक. प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. गावकरी तो वाचून जातात, पण परिसंस्थेच्या प्रकरणात काय राहून गेलं हे सांगणारं त्यांच्या बाजूला सहसा कुणी नसतं. तुझ्या तालुक्यात पुढची सुनावणी लागेल तेव्हा तू नोकरीत असशील किंवा नसशील. मूळ अहवाल मागवून ते प्रकरण वाच आणि वडलांना, त्यांच्या सोसायटीतल्या माणसांना मराठीत समजावून सांग. आपण सल्लागार संस्थेत असलो आणि तिचाच प्रकल्प असला तर मात्र हे करता येणार नाही, तेवढं भान ठेव.

या महिन्यात सीव्ही नव्याने लिही, ती दोन पानं लिहून बघ, आणि गाईडशी मुदतीचं बोल. व्हायवा झाला की कळव. ज्या जागेला अर्ज करशील तिची जाहिरात आणि सीव्ही दोन्ही पाठव, मी वाचून खुणा करून परत पाठवीन.